फूल की दोन पानां?

आबांच्या आणि काकींच्या घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. मालवणचं राजकारण बाजारपेठेत कमी, या गडग्यावर जास्त ठरतं. काकींचं माहेर पेडण्याचं, म्हणून गोव्याविषयी शेवटचा शब्द त्यांचाच.

"आबानू, आयकलात? सायप्रस म्हणान खंयसा बेट आसा, तेची दोन शकलां झालीत. भाचो बोटीवर आसा, तेना फोनार सांगल्यान."

"1974 पासून तशीच आसत. 2004 साली दोनय बाजूंका इचारल्यानी, एक होतास काय? तुर्कांतल्या शंभरातल्या पासष्टांनी होय म्हटल्यानी, ग्रीकांतल्या शहात्तरांनी नाय."

"म्हणजे आमच्या गोव्याचीच गजाल! 1967 ची 16 जानेवारी, गोव्याचो जनमत कौल. मी बारकी होतंय. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पानां म्हणजे गोवा वेगळो. बापूस फुलाक मत घालून इलो. आवशीन त्या दिवशी अबोलीचो वळेसर माळल्यान. मत कोणाक, ता इचारूकच नको!"

"पण हरलास मां! एक लाख बहात्तर हजार 191 पानांक, एक लाख अडतीस हजार 170 फुलाक."

आबा निवृत्त मास्तर. हे आकडे तोंडपाठ. पेन्शन किती जमा झाली, ते मात्र बायकोला विचारतात.

"विलीनीकरण हरला, भाऊसाहेब बांदोडकर खंय हरले? तेंकाच विलीनीकरण व्हया होता. दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली, परत तेच मुख्यमंत्री! लोकांका माणूस व्हयो होतो, घर बदलूचा नव्हता."

काकींचं हे म्हणणं मला अनेक पुस्तकी विश्लेषणांपेक्षा पटतं. त्या मतपत्रिकेवर घटक राज्याचा पर्यायच नव्हता. तो दर्जा मिळायला 30 मे 1987 उजाडावा लागला.

"आणि आमका तेव्हा कोणी इचारल्यान?" आबांचं जुनं दुखणं.

"तुमका कोण इचारतलो? तुमचो जिल्होच 1981 चो! तोपर्यंत रत्नागिरीत होतास."

आबा जरा गप्प झाले. मग गडग्यावर कोपर टेकून म्हणाले, "पण आता उलटा झाला मां. 2018 साली बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात भायल्या राज्यातल्या पेशंटांका पैसे लागूक लागले, तर दोडामार्गवाले म्हणाले, आमकाच गोव्यात घेवा!"

"मगे चुकला काय तेंचा? कामाक म्हापशाक, दुखण्याक बांबोळीक, कागदाक मात्र ओरोसाक! तिळारीचा पाणी जाता गोव्यात, तेका कोणी शीव दाखवणा नाय. माणसाकच कित्याक?"

"ओरोसाक मेडिकल कॉलेज झाला आता."

"झाला, बरा झाला. आणि इमानाक? तुमची चिपी 2021 ची, आमचा मोपा मागसून इला. माझो झिल मुंबैसून येता तो खंय उतरता, इचारा."

"आमचा मोपा! म्हणजे काकी, तुमी शेवटी दोन पानांवाली झालास!"

"तोंड सांभाळा आबानू. माझो बापूस वरसून आयकता!"