माननीय भोंगाधिपतींस

प्रति,
देशभरातल्या मोबाईलचा भोंगा ज्यांच्या बोटाखाली आहे ते माननीय महोदय,

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार. 2023 च्या पावसाळ्यात आपण भरदुपारी आमचे फोन एकदम कोकलवलेत. वामकुक्षीतली माणसं दचकून उठली, लोकलच्या डब्यात सगळ्यांचे खिसे एकाच वेळी बोंबलले, आणि पडद्यावर झळकलं: ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा. आम्ही आज्ञाधारक. केलं दुर्लक्ष. पण अमुक टॉवरखालचे फोन क्षणात जागे करायची विद्या आपल्याला साधली आहे, एवढं मात्र लक्षात राहिलं.

ती विद्या आपण उधळत नाही, हे तर फारच कौतुकाचं. वीज, पूर, वादळ यांसाठी आपण ती राखून ठेवता. आमचे अण्णा हरवले त्या दिवशी आपण मौन पाळलंत. एक म्हातारा म्हणजे काही राष्ट्रीय आपत्ती नव्हे.

अण्णांची उमर लालबागच्या गिरणीत गेली. आता डोंबिवलीत असतात, पण स्मृतिभ्रंशामुळे त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली आहे. एका पहाटे रिकामा डबा घेऊन ते पहिल्या पाळीला निघाले. स्वेटर उलटा, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नातवाची. विचारलं तर नाव सांगतात, पत्ताही खडखडीत सांगतात. फक्त तो चाळीचा असतो आणि चाळीच्या जागी टॉवर उभा आहे.

पोलीस ठाण्यात आमचं स्वागत अगत्याने झालं. ‘घरात भांडण झालं होतं का?’ ही आपुलकीची चौकशी झाली. ‘जेवायच्या वेळेला येतील’ हा दिलासा मिळाला. आणि मग तो सुप्रसिद्ध नियम: चोवीस तास वाट बघा, मग मिसिंग घेतो. हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते शोधण्याचा आगाऊपणा आम्ही पुढे केला. कुठेच नाही. मूल हरवलं असतं तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार गुन्हाच नोंदवावा लागला असता. अण्णांचं वय आडवं आलं. ज्येष्ठतेचा असा मान दुसरीकडे कुठे मिळणार?

आपल्या मौनामुळे आम्हाला व्हॉट्सॲपची थोरवी कळली, त्याबद्दल वेगळे आभार. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला अण्णांचा फोटो दुपारपर्यंत नांदेडला पोचला, संध्याकाळी दुबईला. कल्याणच्या ज्या फलाटावर अण्णा बसून होते, तिथे मात्र गेला नाही. तिथल्या बूटपॉलिशवाल्याची नजर सवयीने पायांकडे गेली, चपला दोन जातीच्या दिसल्या, आणि त्याने हाताला धरून त्यांना रेल्वे पोलिसांकडे नेलं. त्याच्याकडे टॉवर नव्हता. फोटो अजून फिरतोच आहे. परवा एका सद्गृहस्थांनी तो मलाच पाठवला: ‘पुढे पाठवा, कुणाचे तरी वडील आहेत.’

दक्षिण कोरियातली मंडळी मात्र उतावीळ. तिथे डिमेन्शियाचा माणूस हरवला, की त्या भागातल्या फोनवर त्याचं वय, उंची, अंगावरचे कपडे झळकतात. जून 2021 पासून हा पोरकटपणा चालू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियाने तर 2006 मध्ये अशा हरवलेल्यांसाठी ‘मॅटीज कॉल’ नावाचा कायदाच केला. कारण काय, तर अटलांटात 2004 साली अल्झायमर झालेली मॅटी नावाची एक बाई घरातून निघून गेली आणि काही महिन्यांनी तिचा मृतदेह घराच्या जवळपासच सापडला. एका बाईसाठी कायदा! आपल्याकडे स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचा अंदाज 88 लाखांचा आहे, म्हणून आपण घाई करत नाही. संख्या भारदस्त होऊ द्यावी.

ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे, हेही आम्ही विसरलेलो नाही. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. स्मृतिभ्रंश झालेल्यांची घालमेल बऱ्याचदा दिवस मावळताना वाढते, पण कार्यालयीन वेळ त्यांनाही पाळता आली पाहिजे.

आपली अडचण आम्ही जाणतो. रोज उठून भोंगा वाजला तर लोक तो बंद करून टाकतील. ही धास्ती अमेरिकेतही व्यक्त होते आणि ती खोटी नाही. म्हणून तर विनवणी इतकीच, की देश उठवू नका. डॉक्टरांचा कागद बघा, पोलिसांची खात्री पटू द्या, आणि माणूस शेवटचा दिसला तिथले दोन-चार टॉवर पहिल्या काही तासांत वाजवा. चाचणीसाठी वाजवू शकता, तर यासाठी का नाही?

कळावे. लोभ नसला तरी चालेल, भोंगा असावा.

आपला नम्र,
अण्णांचा पुतण्या

ता. क. हे पत्र साहेबांच्या खांद्यावरून वाचणाऱ्यांसाठी: चोवीस तास थांबायचा नियम नाही. घरातलं असं माणूस दिसेनासं झालं, की लगेच 112 ला फोन करा, ताजा फोटो घेऊन ठाण्यात जा आणि नोंद झाल्याशिवाय उठू नका. शोध घराजवळून सुरू करा. आणि फलाटावर कुणी म्हातारा उलटा स्वेटर घालून बसलेला दिसला, तर दोन मिनिटं थांबून विचारा.