तीन हजार मिलिमीटरचा तंबू

जून लागला की आम्ही सांगलीकर एकमेकांना तब्येत विचारत नाही, पातळी विचारतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली आणि गावभागातलं आमचं घर खिडकीच्या गजांपर्यंत पाण्यात उभं राहिलं. आम्ही विश्रामबागेत मेव्हण्यांच्या हॉलमध्ये. मेव्हणे देवमाणूस, पण त्यांच्या घरात रात्री शेवटची मालिका संपल्याशिवाय हॉलमध्ये अंथरूण पडत नाही. एका नायिकेचं सत्य बाहेर यायची वाट बघत, भिंतीला टेकून पेंगता पेंगता मी ठरवलं, की पुढच्या पुराला आपला स्वतःचा तंबू असणार.

तंबू दोन्हीकडे चालणारा हवा होता. उन्हाळ्यात सहल, पावसाळ्यात पूर. एका दगडात दोन पक्षी. पाणी ओसरून घरातला चिखल निघेपर्यंत मी या विषयातला अधिकारी माणूस झालो होतो. तंबूला अजून हात लागला नव्हता, पण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फायबरच्या काड्या विरुद्ध अॅल्युमिनियमच्या काड्या यावर बोलायला लागलो, की लोक डबा अर्धवट ठेवून हात धुवायला उठत.

दुकानात गेल्यावर मी तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली माणसांची. आम्ही मी, बायको, चिरंजीव आणि आई असे चौघं, म्हणून ‘चार माणसांचा’ घेतला. त्याची रुंदी २.४ मीटर, म्हणजे माणशी ६० सेंटीमीटर. ही चार माणसं तंबूवाले कुठून मोजून आणतात कळत नाही. त्यांना उशी नसते, पिशवी नसते, कूस बदलायची खोड नसते आणि दिवसभरात त्यांचं आपसात काही वाजलेलं नसतं. दुकानातला पोरगा म्हणालाही होता, “काका, चौघांना सहाचा घ्या.” मी त्याच्याकडे ‘बेट्या, महागाचं गळ्यात मारतोस’ अशा नजरेनं बघितलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. तंबूवर ‘३००० मिलिमीटर’ छापलेलं होतं. कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरच पाणी आत झिरपायला लागेल, एवढाच त्याचा अर्थ. मी तो आकडा थेट पावसाला लावला. आमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे पाच वर्षं काळजी नाही, असं मी घरी येऊन जाहीर केलं. चिरंजीव आठवीत होता. तो म्हणाला, “बाबा, पूर आपल्या पावसानं येतोच कुठं? पाऊस महाबळेश्वरला आणि कोयनेला पडतो.” हल्ली शाळेत भूगोल फार शिकवतात.

तिसरी गोष्ट रंगाची. नारिंगी होता, पिवळा होता. मी गर्द हिरवा निवडला. निसर्गात मिसळून जाणारा. संकटात अडकलेल्या माणसानं निसर्गात मिसळून जायचं नसतं, बचाव पथकाला लांबून दिसायचं असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. दुकानात पंखा होता आणि समोर चहा आला होता.

पहिली चाचणी गच्चीवर. तंबूबरोबर खुंट्या येतात. त्या जमिनीत ठोकायच्या असतात आणि गच्चीला जमीन नसते. मी दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधल्या. वारं सुटलं, तंबू फुगला, पाइप सांध्यातून निखळला आणि खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं पाणी गेलं. नुसत्या काड्यांच्या कमानीवर, खुंट्यांशिवाय उभा राहतो तो घुमटाकार तंबू. माझा होताही तसाच. पण खुंट्या दिल्यात तर त्या वापरल्या पाहिजेत, अशी माझी समजूत.

खरी चाचणी जानेवारीत. भिलवडीजवळ एका मित्राचा ऊस नुकताच तुटून गेला होता. बांधापलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. बांबूच्या काड्या, चटया, वर पाचट आणि ताडपत्री, संध्याकाळी दारात चुलीचा धूर. मी मात्र तोडलेल्या फडातलीच जागा धरली. पाचटाची छान गादी पसरली होती. गादीखाली उसाचे बुडखे होते. कोयत्यानं तिरकस तोडलेला बुडखा काय चीज असते ते तंबूच्या तळाला आधी कळलं आणि माझ्या पाठीला नंतर.

थंडी मरणाची. मी वरचं आच्छादन नीट ताणलं, दोन्ही चेन गळ्यापर्यंत ओढल्या, वाऱ्याच्या झडपाही बंद केल्या. मध्यरात्री आईच्या कपाळावर थेंब पडला. मग बायकोच्या. टॉर्च मारून बघतो तर छताला आतून पाणी सुटलेलं, बोटानं रेघ ओढली की ओघळ. माझं पहिलं वाक्य होतं, “फसवलं दुकानदारानं!” बाहेर पावसाचा टिपूस नव्हता, चांदणं पडलं होतं. चौघांच्या श्वासाची वाफ थंडगार कापडाला लागून पाणी होत होती, आणि तीन हजार मिलिमीटरचं ते इमानी कापड त्यातला एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हतं.

पहाटे मी बाहेर गेलो तो परतताना तंबू सापडेना. हिरवा तंबू, शेजारी उभा ऊस, वर धुकं. घरच्यांना हाका मारत मी दोन सऱ्या इकडे, दोन सऱ्या तिकडे फिरत होतो. शेवटी डोक्याला फडकं गुंडाळून कोयता घेऊन निघालेल्या एका बाईनं मला दंडाला धरून आणून सोडलं. ओली पांघरुणं तिनं बघितली. म्हणाली, “दादा, दार थोडं उघडं ठिवायचं की. चौघांचा वाफारा जायचा कुठं?”

एव्हाना आईनं पदरानं कपाळ पुसून निकाल दिला होता. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पाटणला होती. पहाटेचा हादरा, आणि मग कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपणं. “तेव्हा हवा होता रे हा तंबू,” ती म्हणाली. “भूकंपात घराची भीती, अंगण असतं. पुरात अंगणच जातं. तंबू ठोकणार कुठं, कृष्णेत?” इतके महिने काड्यांचा अभ्यास केला, पण हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. तरी मी “मुद्दा उंच जागा निवडण्याचा आहे” असं काहीतरी बोललो आणि तंबू पिशवीत भरायला घेतला. तंबू पिशवीत परत बसत नाही. तो बसतो अशी जाहिरात असते.

नंतर तो माळ्यावर पडला. जुलै २०२१ मध्ये कृष्णेनं पुन्हा ५० फूट ओलांडले. मेव्हण्यांकडे कोरोना, म्हणून आमची सोय एका शाळेच्या हॉलमध्ये लागली. तिथे पलूसपासूनची माणसं, गाठोडी, बरण्या, एक पोपट. मी तंबू घेऊन गेलो होतो. का, ते विचारू नका. आईनं विचारलं तेवढं पुरे. फरशीवर खुंट्या ठोकायची सोयच नव्हती, म्हणून नाइलाजानं मी वरचं आच्छादन काढून नुसता आतला तंबू काड्यांवर उभा केला. तो आपला शहाण्यासारखा उभा राहिला. चौघांचं अंथरूण घालून मी समाधानानं चहा आणायला गेलो.

परत येईपर्यंत तंबूचा ताबा गेला होता. पलीकडच्या अंथरुणावरच्या लेकुरवाळीला बाळाला पाजायला आडोसा नव्हता, बायकोनं तिला आत घेतलं. मग कुणाला ओलं लुगडं बदलायचं होतं. मग बातमी हॉलभर पसरली. कापड हिरवं, जाड आणि आतलं काही न दिसणारं असल्याची पहिली प्रशंसा मी त्या दिवशी ऐकली. रात्री मी व्हरांड्यातल्या बाकावर झोपलो, चौथीच्या पोरांच्या मापाच्या.

सकाळी लक्षात आलं, की चष्मा तंबूच्या आतल्या जाळीच्या खिशात राहिलाय. बाहेरूनच हाक मारली, “अहो, जरा माझा चष्मा…”

आतून कुणा अनोळखी बाईंचा आवाज आला, “काका, नंबर लावा. माझ्यामागं अजून चौघीजणी हायेत.”