लाकडाच्या छायाचित्राची निगा

‘वुडन फ्लोअरिंग’ या नावाने पुण्या-मुंबईच्या सदनिकांतील मास्टर बेडरूममध्ये जी जमीन अंथरलेली असते, ती बहुतेक वेळा लाकडाच्या छायाचित्राची असते. लॅमिनेट या संज्ञेचा अर्थ एवढाच, की लाकडाचे तंतू राळेत मिसळून, उष्णतेने व दाबाने घट्ट करून, साधारण 8 ते 12 मिलिमीटर जाडीची फळी तयार करायची, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद बसवायचा आणि त्यावर मेलामाइन राळेचा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असलेला पारदर्शक थर द्यायचा. हा शोध स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीने 1977 साली लावला आणि पुढे तो पेर्गो या नावाने जगभर विकला गेला. अस्सल लाकडी जमिनीवर ओरखडा उठला तर ती तासून पुन्हा पॉलिश करता येते. छायाचित्र तासले तर खाली दाबलेला भुसा लागतो.

प्रस्तुत लेखकाच्या बाणेर येथील सदनिकेत अशी जमीन असून, पाहुण्यांना ती दाखवताना लेखक सहज बोलल्यासारखे ‘ओक आहे’ एवढेच म्हणतो, आणि हे विधान सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही, कारण छायाचित्र ओकचेच आहे. मात्र दर सहाव्या फळीवर तीच गाठ, त्याच जागी, तशीच डोळा बारीक करून पाहत असल्याचे सात वर्षांच्या एका भाचीने पाहुण्यांसमक्ष मोजून दाखवले, तेव्हापासून त्या भागावर सतरंजी आहे.

या जमिनीचे सर्वाधिक नुकसान तिला स्वच्छ करणारेच करतात. पुसून वाळल्यावर मागे जो पांढरट, अनवाणी पायाला किंचित धरणारा थर राहतो, त्याला घरोघरी ‘चिकटा’ म्हणतात, आणि त्याचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. साबणवर्गीय द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलकट मळाकडे ओढ घेते, त्यामुळे मळ सुटून पाण्यात येतो. परंतु ते पाणी उचलून नेले नाही, तर पाणी तेवढे उडून जाते आणि साबण, मळ व पाण्यातील क्षार असे तिघेही जागच्या जागी मुक्कामाला राहतात. शहाबादी फरशीवर हा प्रश्न उद्भवत नसे, कारण तिच्यावर बादलीभर पाणी ओतून ते खराट्याने मोरीकडे ढकलता येई. लॅमिनेटवर पाणी ओतले तर ते फळ्यांच्या सांध्यांतून आत शिरते, भुसा फुगतो आणि सांध्याच्या कडा वर येतात. म्हणून येथे पाणी कमीत कमी, आणि ज्या प्रमाणात पाणी कमी त्या प्रमाणात साबणही कमी, असा हिशेब ठेवावा लागतो. नेमके याच ठिकाणी मराठी गृहस्थ फसतो. पाणी कमी करायला सांगितले की त्याची भरपाई तो साबण वाढवून करतो, त्यातून चिकटा बसतो, चिकट्यावर दुसऱ्या दिवसाची धूळ बसते, जमीन कालच्यापेक्षा मळकट दिसते आणि तिसऱ्या दिवशी बादलीत आणखी एक झाकण पडते. त्यात उपनगरातील टँकरचे बोअरवेलचे, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड झालेले पाणी असले, म्हणजे वेगळ्या रांगोळीची गरज उरत नाही.

येथे फडक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, आणि आवश्यक नसले तरी लेखकाला ते टाळवत नाही. मराठी घरात कापड मरत नाही, त्याची पदावनती होते. टॉवेल आधी अंगाचा असतो, मग पायपुसण्याच्या जागी येतो, मग दुचाकीच्या सीटखाली जातो आणि अखेर फरशीला लागतो. जुने लुगडे गोधडीत जाते आणि गोधडीतून उरलेला तुकडा ओट्यावर येतो. ओट्याचे फडके फरशीला चालते, फरशीचे ओट्याला चालत नाही, आणि ही उतरंड ज्याला कळत नाही त्याला स्वयंपाकघरात जावई असूनही क्षमा नसते. या व्यवस्थेत सुती बनियनचा मान मोठा, कारण भोके पडल्यावर ते अधिक पाणी शोषते अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. लेखकाच्या एका बनियनने अंगावर चार व जमिनीवर नऊ वर्षे सेवा केली आणि दुसऱ्या कारकिर्दीत त्याची अधिक वाखाणणी झाली, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. उतरंडीच्या अगदी तळाशी पोतेरे असते. चूल आणि जमीन शेणाने सारवण्याची चिंधी हा त्या शब्दाचा अर्थ. बहुतेक घरांतून चूल गेली, शेण गेले, सारवणही गेले, तरी चांगल्या बेतावर कोणीतरी पोतेरे फिरवतच असते. सारवणाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही: तिथे थर मागे राहणे हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू होता, आणि बोटांच्या अर्धवर्तुळांचे ठसे वाळल्यावर दिसले नाहीत, तर सारवणारीच्या हाताला नावे ठेवली जात. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी जमिनीवर थर चढवण्यालाच स्वच्छता मानले, त्यांना थर न ठेवता पुसण्याची विद्या एका पिढीत यावी, ही अपेक्षा स्वीडनने करू नये.

या उतरंडीला मायक्रोफायबरने सुरुंग लावला. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे, रेशमाहूनही बारीक चिरलेले तंतू विणून केलेले हे कापड फडके म्हणूनच जन्माला येते. त्याला पूर्वायुष्य नाही, म्हणून ते घरात आल्यावर सर्वजण काही काळ अवघडलेले असतात. चिरलेल्या तंतूंच्या फटींत धूळ आणि तेलकटपणा अडकतो, त्यामुळे आधी कोरडे फिरवून कचकच उचलली आणि मग पिळून-पिळून केवळ दमट ठेवलेले फळ्यांच्या लांबीने ओढले, तर बऱ्याचदा साध्या पाण्यावर काम भागते. पुसलेली जागा एक-दोन मिनिटांत आपोआप वाळली नाही, तर कापड जास्त ओले होते असे समजावे. सुती बनियन याच्या उलट वागते: ते धागे सोडते आणि स्वतः धुतले गेले त्या वेळची पावडरही जमिनीला अर्पण करते. कपडे मऊ करणारे द्रव मायक्रोफायबरला लावू नये, कारण त्याने त्या फटी बुजतात.

हे सर्व ज्ञान लेखकाकडे पहिल्यापासून होते, असे त्याच्या बोलण्यावरून कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात त्याने लाकडी जमिनीसाठी म्हणून मिळणारी एक महागडी बाटली आणली, तिच्यावर बादलीस एक झाकण असे लिहिले असता, चकाकी यावी म्हणून चार झाकणांचा हुकूम सोडला, आणि चिकटा दिसू लागल्यावर कामाला येणाऱ्या मावशींना पुसण्याच्या तंत्रावर छोटेखानी व्याख्यान दिले. कापड पाण्याने निथळता कामा नये, ते फळीला जेमतेम स्पर्श करते आहे असे वाटावे, वगैरे. मावशींनी ते उकिडव्या बसूनच ऐकले आणि विचारले, “दादा, हे पुसणं झालं का गोंजारणं?” लेखकाने तो विनोद पुढे तीन घरी सांगितला.

तो सांगताना जे सांगितले गेले नाही ते असे, की त्याच सुमारास मावशींच्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी फुटली होती, त्या चहाचा कप दोन बोटांनी न धरता तळहातावर ठेवत असत, आणि लेखकाने ते पाहिले होते व त्याला थंडी हे कारण दिले होते. बाटलीच्या मागच्या बाजूस जमिनीविषयी जे होते ते त्याने भिंग घेऊन दोनदा वाचले. त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्वचेशी संपर्क टाळावा, हातमोजे वापरावेत, असेही छापलेले होते. चार झाकणांच्या त्या पाण्यात दिवसाला दहा-बारा वेळा हात घालून कापड पिळणारी व्यक्ती जमिनीइतकी नाजूक असू शकते, ही शंका एका पदव्युत्तर माणसाला आठ महिने आली नाही. जमीन खराब झाली असती तर शंका पहिल्या आठवड्यात आली असती.

आता बादलीत अर्धे झाकण पडते, तेही आठवड्यातून एकदाच, बाकीचे दिवस कोमट पाणी असते. उभ्याने पुसता येईल असा दांडीचा मॉप व पिळणीची बादली घरात आली आहे, मावशींची बोटे महिन्याभरात भरून आली, आणि जुना चिकटा जायला नुसत्या पाण्याची पाच-सहा पुसणी पुरली. चारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन येते, तेव्हा जमिनीवर एकही पट्टा दिसत नाही. सतरंजी धुवायला टाकली असल्याने सहाव्या फळीवरची गाठ सध्या सर्वांना दिसते.