संघाबाहेरचे महापुरुष

एसेंडन फुटबॉल क्लबचा सर्वांत गुणी खेळाडू कोण, याबद्दल मेलबर्नमधल्या त्याच्या चाहत्यांत कमालीचं एकमत आहे. जो या शनिवारी खेळत नाही, तो. नाव दर आठवड्याला बदलतं, निकष मात्र तोच. मागच्या सामन्यात ज्याच्या हातून सोपे झेल सुटले आणि ज्याला हजारो लोकांनी एकमुखाने घरचा रस्ता दाखवला, त्याला वगळल्याची बातमी आली की अर्ध्या तासात त्याच्या अंगी चपळाई, दूरदृष्टी आणि नेतृत्व हे गुण प्रकट होऊ लागतात. शुक्रवार सकाळपर्यंत त्याच्यावर अन्याय झालेला असतो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे तिथल्या लोकांची ‘फूटी’, लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूने खेळतात. एका बाजूला अठरा जण. वीस-वीस मिनिटांची चार सत्रं, पण घड्याळ मध्येमध्ये थांबत असल्याने प्रत्येक सत्र अर्ध्या तासाच्या घरात जातं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू घातला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. सेंट किल्डा क्लबने १९६६ मध्ये आपलं आजवरचं एकुलतं एक विजेतेपद असल्याच एका गुणाने मिळवलं आणि अजून त्यावर गुजराण चालू आहे. हा खेळ सुचवला टॉम विल्स या क्रिकेटपटूने, १८५८ मध्ये, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून. क्रिकेटपटूंचं पुढे काय झालं ते असो, प्रेक्षकांची अंगं मात्र मीट पाय आणि टोमॅटो सॉस यांच्यामुळे चांगलीच जड झाली आहेत.

एसेंडन हे या खेळातलं बडं घराणं. सोळा विजेतेपदं. २००० साली तर अख्ख्या हंगामात एकच सामना हरून त्यांनी सोळावं पटकावलं. त्यानंतर घराण्याचं जे होतं तेच झालं. बाद फेरीतला शेवटचा विजय सप्टेंबर २००४ मधला. त्या वेळी आयफोन निघालेला नव्हता, त्यामुळे जिंकल्याचा फोटो फारसा कोणाकडे नाही. पुढे २००९, २०११, २०१४, २०१७, २०१९ आणि २०२१ अशी सहा वेळा बाद फेरी गाठली आणि सहाही वेळा पहिल्याच सामन्यात पत्ता कट झाला. २०१३ मध्ये संघ मैदानावर पात्र ठरला होता, पण खेळाडूंना टोचलेल्या इंजेक्शनांचं प्रकरण निघालं आणि लीगनेच बाद फेरीतून बाहेर काढलं. ही एक वेळ सोडली तर बाहेर पडण्यासाठी क्लबला कोणाची मदत लागलेली नाही.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, मूळचे डोंबिवलीचे. २००५ मध्ये मेलबर्नला गेले, आता पॉइंट कुकला राहतात. पहिल्या दिवशी ऑफिसात विचारलं गेलं, ‘तुमचा संघ कोणता?’ मेलबर्नमध्ये या प्रश्नाला ‘कोणताच नाही’ हे उत्तर चालत नाही. आपण जात सांगत नाही म्हटल्यावर समोरचा आडनाव विचारतो, तसं पुढचं प्रश्नसत्र सुरू होतं. काकांचं भाड्याचं घर तेव्हा मूनी पाँड्सला होतं, पुढचं स्टेशन एसेंडन. काका म्हणाले, एसेंडन. तेव्हापासून क्लबने बाद फेरीतला एकही सामना जिंकलेला नाही. काकूंच्या मते हा काकांचा पायगुण. काकांच्या मते हा निवड समितीचा दोष. काकूंनी तारखा काढून दाखवल्या आहेत, समितीविरुद्ध मात्र अजून पुरावा मिळालेला नाही.

गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतात. त्या दिवशी काका साडेपाचलाच चहा उरकून सुपरमार्केटच्या जाहिरातीचा कागद उलटा करतात आणि त्यावर सहा ओळी आखतात. ओळीत तीन नावं. सर्वांत वर बचावफळी, मग अर्धा बचाव, मधली फळी, अर्धी आघाडी, आघाडी आणि शेवटच्या ओळीत चेंडूमागे मैदानभर पळणारे तिघे. पेन्सिलने लिहितात, कारण खोडायचं असतं. कुंपणापलीकडचे शेजारचे आजोबा निवृत्त ट्रामचालक आहेत, जन्माने एसेंडनचे. तेही आपला कागद घेऊन येतात. दोघांच्या कागदांवर मिळून तीसेक नावं भरतात. अधिकृत यादी आल्यावर दिसतं, की समितीला यांतली बरीच मान्य आहेत. तिथून खरी पंचाईत सुरू होते.

‘तुम्ही सांगितलेला पोरगा घेतला की,’ आजोबा म्हणतात.

‘घेतला, पण कुठे? बचावात! अहो, त्याचं अंग आघाडीचं आहे.’

‘मग ८४ आठवा.’

इथे थांबावं लागेल, कारण एसेंडनच्या वादात दोनच पोथ्या चालतात, १९८४ आणि १९९३. १९८४ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नविरुद्ध तीन सत्रं संपली तेव्हा एसेंडन २३ गुणांनी मागे होतं. प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी माणसं इकडची तिकडे केली. बिली डकवर्थ या बचावपटूला आघाडीवर धाडलं, शेवटच्या सत्रात नऊ गोल झाले, सामना २४ गुणांनी खिशात आला आणि सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक डकवर्थच्या गळ्यात पडलं. शीडींनी हा डाव एका दुपारसाठी खेळला होता. चाहत्यांनी त्याचा नियम करून टाकला. तेव्हापासून एसेंडनचा प्रत्येक बचावपटू हा मुळात चुकीच्या जागी अडकलेला आघाडीचा खेळाडू असतो, आणि आघाडीचा खेळाडू गोल चुकवू लागला की तो जन्मजात बचावपटू असल्याचं निष्पन्न होतं. चाहत्यांचं सगळंच ऐकलं तर संघ तोच राहील, फक्त प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागी उभा असेल.

१९९३ ची पोथी जास्त सोयीची. त्या वर्षी कोवळ्या पोरांच्या संघाने कार्लटनला हरवून विजेतेपद मिळवलं. क्लबच्या ‘बॉम्बर्स’ या टोपणनावावरून लोक त्यांना अजून ‘बेबी बॉम्बर्स’ म्हणतात. त्यामुळे ‘पोरांना खेळवा’ या पक्षाचा मूळ आधार १९९३. पण त्याच संघात टिम वॉटसनही होता, जो १९९१ मध्ये निवृत्त होऊन परत आला होता. तेव्हा ‘जुन्यांना परत बोलवा’ या पक्षाचाही आधार १९९३. एकाच वर्षातून दोन्ही पक्षांना हवं ते मिळतं, फक्त सध्या करारावर सही करून पगार घेणाऱ्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसाच्या बाजूने कुठल्याच पोथीत काही सापडत नाही. तो पोरही नाही आणि दंतकथाही नाही. त्याच्यावर टीका झाली नाही तर करायची कोणावर?

जुन्यांना परत बोलावण्याची हौस प्रशिक्षकापर्यंत पोचते. २००० च्या विजेत्या संघाचा कर्णधार जेम्स हर्ड पुढे प्रशिक्षक झाला, त्याच्याच काळात इंजेक्शनांचं प्रकरण घडलं. तरीही २०२२ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा त्याचं नाव पुन्हा निघालंच. नेमणूक ब्रॅड स्कॉटची झाली. स्कॉट संघात आला, हर्ड बाहेर राहिला. दोघांपैकी अधिक हुशार कोण, हे आता सांगायला नको.

या सिद्धांताचा कस लागला २०१६ साली. त्या वर्षी जानेवारीत क्रीडा लवादाने क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर वर्षभराची बंदी घातली. त्यांतले बारा तेव्हा एसेंडनकडेच होते. जागा भरायला क्लबने दहा तात्पुरते खेळाडू आणले, काहींना निवृत्तीतून उठवून. संघ तीन सामने जिंकला आणि तळाला गेला, १९३३ नंतर पहिल्यांदा. आता सांगतो ते अतिशयोक्ती वाटेल, पण काका शपथेवर सांगतात, की निवडीबाबत इतकं शांत वर्ष त्यांनी पाहिलं नाही. स्टेडियमवर हरणाऱ्या पोरांना उभं राहून टाळ्या मिळायच्या. साहजिकच होतं. उत्तमोत्तम बारा माणसं कायद्यानेच बाहेर बसलेली, त्यांच्या थोरवीला वर्षभर कुठून तडा जाणार?

एरवी थोरवी तयार होते ती राखीव संघात. मुख्य संघातून वगळलेला खेळाडू व्हिक्टोरियाच्या दुय्यम स्पर्धेत, व्हीएफएलमध्ये, खेळायला जातो. समोर बऱ्याचदा दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारी मंडळी असतात, कोणी शिक्षक, कोणी प्लंबर. अशा सामन्यात आपला वगळलेला वीर पस्तीस वेळा चेंडू मिळवतो, आणि रविवारी रात्री तो आकडा पत्त्यांतल्या एक्क्यासारखा आपटला जातो. ‘पस्तीस! आणि याला घेत नाहीत!’ त्या पस्तिसांतले किती आपल्या माणसाच्या हातात गेले आणि किती प्लंबरच्या, हे विचारणाऱ्याला खेळ कळत नाही असं समजतात.

राखीव संघाच्याही पलीकडे दुखापतींची यादी असते. ही खरी देवभूमी. क्लब दर आठवड्याला नाव, दुखावलेला अवयव आणि परतण्याचा अंदाज छापतो. ‘हॅमस्ट्रिंग, एक ते दोन आठवडे.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा एक ते दोन आठवडे. खेळाडू तिथल्या तिथे, आठवडे पुढे सरकतात. काकांचा स्वप्नातला संघ सगळाच्या सगळा या यादीतला असतो. ‘हे पाच जण फिट झाले ना, की बघा,’ असं ते गेली अनेक वर्षं सांगतात. पाच जण दर वेळी वेगळे असतात, एवढंच. आजोबांनी एकदा सुचवलं, की ज्या अर्थी हे एवढे पडतात त्या अर्थी तुलामरीनच्या सराव केंद्रात काहीतरी चुकत असावं. विमानतळाला लागून ते केंद्र झाल्यापासून दशक उलटलं, एकदा बघायला हवं. काका म्हणाले, केंद्र उत्तम आहे. लोकांना अजून विंडी हिलचं जुनं मैदान आठवतं म्हणून ते नवं नको असतं.

मग एखाद्या गुरुवारी समिती नमते. लोकांनी सहा आठवडे ज्याच्या नावाचा जप केला तो पोरगा संघात येतो. काका शनिवारी लाल पट्ट्याची काळी जर्सी घालून, डबा घेऊन ‘जी’वर, म्हणजे एमसीजीवर, हजर. पहिल्या सत्रात पोरगा एक सुंदर झेल घेतो, काका शेजारच्या अनोळखी बाईंना थालीपीठ देतात. दुसऱ्या सत्रात त्याच्या हातातून चेंडू निसटतो, मग पुन्हा निसटतो, मग तो चेंडू धरून उभाच राहतो आणि प्रतिस्पर्ध्यांचे चाळीस हजार लोक ‘बॉऽऽल’ म्हणून ओरडतात. पंचही त्यांच्या बाजूने शिट्टी वाजवतो. मध्यंतरात काका गप्प. तिसऱ्या सत्रात हळूच म्हणतात, ‘ज्याला काढून याला घेतलं ना, तो काही वाईट नव्हता हो.’ बाई मान डोलावतात. थालीपिठाचा दुसरा तुकडा त्या नको म्हणतात.

जुलै उजाडला, की तिसरा पक्ष डोकं वर काढतो. यांना हरायचंच असतं, कारण तळाला जाणाऱ्या संघाला वर्षअखेर नवोदितांच्या निवडीत पहिला मान मिळतो. २०१६ च्या तळाबद्दल एसेंडनला अँड्र्यू मॅकग्रा मिळाला होता. चांगला खेळाडू. पण संघात आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

काकांच्या घरात अलीकडे एक वेगळंच संकट आहे. जावई हॉथॉर्नचा निघाला. पत्रिका जुळवली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण आले होते, पण हा रकाना पत्रिकेत नसतो. नात झाली तेव्हा बारशाच्या आधीच काकांनी एसेंडनचं बाळ-सदस्यत्व घेऊन टाकलं. त्यावर जावई फक्त हसला. पण २०२५ चा हंगाम संपला आणि एसेंडनचा कर्णधार झॅक मेरेट म्हणाला, मला हॉथॉर्नला जायचंय. क्लबने सोडलं नाही. त्या रविवारी जेवायला बसल्यावर जावयाने आमटी वाढून घेता घेता विषय काढलाच.

‘बाबा, तुमचा कर्णधारसुद्धा आमच्याकडे यायचं म्हणत होता.’

‘जाऊ द्यायला हवं होतं,’ काका म्हणाले. ‘चुकलंच ते. त्याच्या बदल्यात जी पोरं मिळाली असती ना, एकेक हिरा आहे.’

‘कोणती पोरं?’

काकांनी भाताचा घास कालवला. ‘आत्ता बारावीत आहेत,’ ते म्हणाले.