जाळीतले आणि जाळीबाहेरचे

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात भाजीपाल्याच्या संकरित बीजोत्पादनासाठी उभारलेली शेडनेट, म्हणजे सांगाड्यावर बारीक जाळी ताणून केलेली घरे, कीटकांना मज्जाव करतात असे मानले जाते. हा मज्जाव मधमाशी निमूटपणे पाळते, आणि म्हणून परागीभवनाचे, म्हणजे नर वाणाचा पराग मादी वाणाच्या फुलावर पोहोचवण्याचे, तिचे काम मजूर स्त्रियांना फुलागणिक हाताने करावे लागते. फुलकिडे मात्र जेमतेम मिलिमीटरभर देहाच्या बळावर विनापरवाना आत शिरतात; मावा खाणारा ढालकिडा, आकाराने मोठा असल्यामुळे, बाहेरच थांबतो.

उघड्या शिवारातील व्यवस्था अधिक कायदेशीर आहे. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच लाभले आहे, हरभऱ्याला ते नाही. भरपाईसाठी पंचनामा, अर्थात पंचांसमक्ष नुकसानीची लेखी नोंद, आवश्यक असतो, मात्र त्यासाठी आरोपीने हजर राहावे अशी तरतूद नसल्याने तो पुढच्या शेतात रुजू होतो. शेतकरी बांधावर जुन्या साड्यांचे कुंपण घालतो, ज्याची भीती रोह्याला काही दिवस वाटते.

अर्ज न मागवता रोही आणि डुकरे कमी करणारा एकच कर्मचारी अलीकडे जिल्ह्यात आला होता: टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेला वाघ. त्याच्यासाठी वाघीण आणण्याचा विचारही सुरू झाला. तोवर बांधावरच्या साड्या विरल्या होत्या.