आंबा घाट, मे महिना, काटा लाल

मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला हापूस घेऊन निघालेल्या पिकअपच्या केबिनमध्ये शहाण्या माणसाने बसू नये. बसायचंच झालं, तर ती पिकअप निदान मेहुण्याची नसावी. "एसटीचे पैसे कशाला घालवताय भावोजी, घरची गाडी आहे," असं तो म्हणाला तेव्हा बायको शेजारीच उभी होती. त्यामुळे विषय तिथेच संपला.

हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे. तिथपर्यंत तापमानाचा काटा अगदी मधोमध, सरकारी कचेरीतल्या बाबूसारखा स्वस्थ होता. साखरपा मागे टाकलं, घाट लागला, गिअर दुसऱ्यावर आला आणि काटा कामाला लागला. मी तिकडे बोट दाखवलं.

"त्याच्याकडे बघू नका भावोजी. बघितलं की चढतो."

मी दरीकडे बघितलं. तरी चढला.

मग मेहुण्याने जे केलं ते त्या उन्हात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. त्याने हीटर लावला. पूर्ण. काचा खाली करून मी डोकं बाहेर काढलं, पण पाय आतच राहिले आणि भाजून निघाले. अन्याय करायचा नाही म्हणून सांगतो, हा इलाज खरा आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला धाकटा रेडिएटरच. इंजिनातलं तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि तेवढी उष्णता केबिनमध्ये येते. डिझेलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याला वाहून न्यावी लागते. त्या दिवशी त्यातला थोडा भार माझ्या पोटऱ्यांनी वाहिला. काटा दोन रेघा खाली आला. पुढच्या वळणावर एक लाकडाचा ट्रक रांगत होता. त्याच्या मागे आम्ही पहिल्या गिअरवर आलो आणि काटा सरळ लालमध्ये गेला.

गाडी कडेला लागली. मागच्या चाकाला दगड लागला. बॉनेट उघडलं. घाटात उघडलेलं बॉनेट म्हणजे मोफत तपासणी शिबिराचा फलकच. फरक एवढाच, की इथे रोगी एक असतो आणि डॉक्टर रांगेत उभे राहतात.

पहिलं निदान चालत्या एसटीतून आलं. ड्रायव्हरने मान बाहेर काढली, "हेड गॅस्केट गेली!" असं ओरडला आणि तोंडाला लागलेला तंबाखू सावरत वळणाआड गेला. गाडी गरम झाली की हेड गॅस्केट उडाल्याचं सांगायची आपल्याकडे रीतच आहे. तोच सगळ्यात महागडा रोग असल्यामुळे सांगणाऱ्यालाही वजन येतं.

दुसरे आले कोल्हापूरकर ट्रकवाले. कमरेवर हात ठेवून त्यांनी इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "गरम झालीया व्हय? थर्मोस्टॅट काढून टाका जावा. आमच्या समद्या गाड्यांचं काढलंय. हितं कुठं बर्फ पडतंय?" हा उपदेश महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटात मिळतो आणि तो चूक आहे. थर्मोस्टॅट ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडतो. तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून तो पाणी आतल्या आत फिरवतो. कायमचा काढला तर इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं, झिजतं. आणि काही इंजिनांत तर तो नसला की आतली आडवाट उघडीच राहते, थोडं पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात येतं आणि गाडी उलट जास्त तापते. हे मी त्यांना सांगणार होतो, पण त्यांच्या मिशा बघून राहिलो.

तिसरे पुण्याचे. थंड गाडीतून उतरले, मोबाइल बाहेर काढला, रेंज नाही म्हणून परत ठेवला आणि "झाकण उघडून पाणी घाला ना, इतकं साधं आहे" म्हणत स्वतःच हात पुढे केला. मेहुण्याने तो मनगटातच धरला. त्या झाकणाची स्प्रिंग आत साधारण एक बार जादा दाब धरून असते. म्हणून आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं. झाकण काढलं की दाब जातो आणि पाणी वाफ होऊन थेट तोंडावर येतं. पुणेकरांना हे पटलं नाही, पण ते दोन पावलं मागे सरकले.

खाली जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याकडे निरोप दिला होता, त्याप्रमाणे साखरप्याहून मिस्त्री आला. मोपेडवर, पायात रबरी चप्पल, खिशात स्क्रूड्रायव्हर. त्याने निदान सांगितलं नाही, प्रश्न विचारला. एवढ्या गर्दीत प्रश्न विचारणारा हा पहिलाच.

"सपाटीला तापते की चढालाच?"

"चढालाच."

"पाणी कमी होतं?"

"नाय."

मग तो विडी ओढत बसला. इंजिन निवल्यावर फडकं धरून त्याने झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं, फुस्स झालं ते जाऊ दिलं, मग काढलं. झाकणाचं रबर नखाने दाबून बघितलं. ऑइलची पट्टी ओढून बोटावर चोळली: काळं, दुधाळ नाही. गाडी चालू करून रेडिएटरच्या तोंडात डोकावला: बुडबुडे नाहीत. हेड गॅस्केट तिथल्या तिथे निर्दोष सुटली. काटा पुन्हा वर सरकल्यावर वरचा होज चाचपला, गरम. खालचा चाचपला, तोही तेवढाच गरम. थर्मोस्टॅट अडकला असता तर खालचा थंड लागला असता. म्हणजे पाणी फिरत होतं, फक्त निवत नव्हतं.

"एक नोट द्या."

मला वाटलं, फी. मी पाचशेची दिली. त्याने ती जाळीसमोर रेडिएटरला टेकवली आणि सोडली. आतला पंखा हवा ओढत असेल तर कागद तिथे चिकटून राहायला हवा. गांधीजी सावकाश घरंगळत माझ्या चपलेवर आले.

मागून बॅटरी धरली तर पुढे उजेडाचा ठिपका दिसेना. रेडिएटरच्या पत्र्यांत भाताचा पेंढा गच्च बसला होता. आंब्याच्या पेट्यांतला, पुढच्या गाड्यांवरून सबंध मोसम उडत आलेला, त्यावर रस्त्याच्या रुंदीकरणाची लाल धूळ लिंपलेली. मेहुण्याने पुढे रीतसर आढी घातली होती, आंबे तेवढे मागे ठेवले होते.

इंजिन बंद करून मिस्त्रीने पाण्याच्या कॅनच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि पंख्याच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर, पाणी मारलं. मेहुणा दर आठवड्याला गाडी पुढून धूत होता आणि पेंढा आणखी आत ठोकत होता. लाल चिखल ओघळला, काड्या निघाल्या, उजेड दिसला. गाडी चालू केली, नोट पुन्हा टेकवली. चिकटली.

आंबा गाव गाठेपर्यंत काटा मधोमध होता, हीटर बंद होता आणि मेहुणा "मला वाटलंच होतं" म्हणत होता.

तुम्हीही या दिवसांत घाट चढणार असाल, तर निघण्याआधी रेडिएटर मागून पुढे धुऊन घ्या आणि कागद लावून बघा. नोटच लावायची झाली तर दहाची लावा. पाचशेची मिस्त्री परत देत नाही.