एपी लिटच्या बाई

अमेरिकेतल्या कुठल्याही पब्लिक हायस्कुलात जा, बारावीला साहित्य शिकवणाऱ्या एक बाई असतातच. चष्मा डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त, गळ्यात किल्ल्यांचा पट्टा, कानांत इवल्याशा पुस्तकांची लोंबती कर्णभूषणं. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीवर शेक्सपिअर आणि पिशवीत न तपासलेले निबंध. ही पिशवी शुक्रवारी घरी जाते आणि सोमवारी जशीच्या तशी परत येते. क्वचित बाईंच्या जागी गृहस्थ असतात, पण पिशवी तीच.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि जुलैत एक ते पाच यांतला एक आकडा पदरात घ्यायचा. चार-पाच आले तर बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळतं, म्हणजे फी वाचते. न्यू जर्सीत एडिसन-प्लेन्सबरोकडच्या मराठी घरांना ही व्यवस्था मनापासून पटलेली आहे. कॅल्क्युलसचं एपी असेल तर क्लास लावता येतो. साहित्याला कसला क्लास लावायचा, हे मात्र अजून कुणाला उमगलेलं नाही.

त्यामुळे सप्टेंबरातली ‘बॅक टू स्कूल नाइट’ बाईंना जड जाते. त्या संध्याकाळी पालकांनी मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन वर्गावर्गांतून धावायचं असतं. एकेका शिक्षकाच्या वाट्याला दहा-एक मिनिटं येतात. बाई वर्षभरात काय वाचणार ते सांगतात: ‘हॅम्लेट’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, राल्फ एलिसनची ‘इनव्हिजिबल मॅन’, टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’. सांगता सांगता त्यांचा आवाज थोडा कापतो. मागच्या बाकावर पोट सावरून बसलेले आपले एक गृहस्थ हात वर करतात.

“पाच मिळवायला काय करायला हवं?”

“घरी वाचायची सवय लागू द्या,” बाई म्हणतात.

गृहस्थ लिहून घेतात. मग विचारतात, “आठवड्यातून किती तास?”

परीक्षा तीन तासांची. पहिल्या तासात पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, त्यांना 45 टक्के वजन. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध: एक न पाहिलेल्या कवितेवर, एक न पाहिलेल्या गद्य उताऱ्यावर आणि एक स्वतः वाचलेल्या कुठल्याही चांगल्या कलाकृतीवर. या तिसऱ्या निबंधासाठी प्रश्नाखाली चाळीसेक पुस्तकांची यादी छापलेली असते. मुलं ती आदराने वाचतात आणि अकरावीत झालेल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’वर निबंध लिहून मोकळी होतात. प्रश्न घराबद्दल असो, गुपिताबद्दल असो की नायकाच्या आईबद्दल, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सगळी वरात गॅट्सबीच्या हिरव्या दिव्यापाशी पोचलेली असते.

कवितेसाठी बाई ‘टीपी-कास्ट’ नावाचा मंत्र देतात. आधी शीर्षक बघायचं, मग साध्या शब्दांत अर्थ, मग सूचित अर्थ, कवीचा भाव, कवितेतलं वळण, पुन्हा एकदा शीर्षक आणि शेवटी आशय. महाराष्ट्रात ज्यांनी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा मथळ्यांखाली रसग्रहण करून गुण मिळवलेत, त्यांना हे अगदी माहेरचं वाटेल. कविता अटलांटिकच्या अल्याड असो की पल्याड, परीक्षेच्या टेबलावर तिची चिरफाड सारखीच होते. बाईंना हे कळतं. फळ्यावर सात अक्षरं लिहून झाली की त्या खडूचा हात कपड्यांना पुसतात आणि म्हणतात, “पण कविता अशी वाचायची नसते हं.” मुलं हेही वाक्य टिपून घेतात. परीक्षेत विचारलं तर?

निबंधाला गुण सहा. विधानाला एक, पुरावे आणि विवेचनाला चार. सहावा गुण प्रगल्भतेचा, आणि बाईंचं खरं दुखणं तोच आहे. तो फार थोड्यांना मिळतो. नुसतं भारी वाक्य टाकून मिळत नाही, एवढं निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मिळतो कशाने, ते वाचून समजलं तर वाचणारा मुळातच प्रगल्भ. गणितातली हुशार मुलं ऑक्टोबरातच विचारतात, “तो गुण सोडला तर पाच येतात का?” हिशेब बरोबर आहे, येऊ शकतात. बाईंचा चेहरा मात्र त्या दिवशी उतरतो.

बाईंच्या वर्गात काही वाक्यांना बंदी आहे. ‘मानवाच्या उत्पत्तीपासून’ अशी सुरुवात करणाऱ्याचा कागद तिथल्या तिथे परत जातो. दर कवितेचा विषय मृत्यू नसतो आणि हात पसरून उभं राहिलेलं प्रत्येक पात्र येशू ख्रिस्त नसतं, हे नोव्हेंबरपर्यंत सांगून होतं. पण सगळ्यात जास्त त्या चिडतात ‘लेखकाने शब्दयोजना वापरली आहे’ या वाक्यावर. “सुताराने लाकूड वापरलं आहे, असं लिहिलंस तू!” त्या कडाडतात. मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या निबंधात ‘लेखकाने प्रभावी शब्दयोजना वापरली आहे’ असं लिहितो.

‘स्पार्कनोट्स’ हे तिकडचं गाईड. मुलं ते चाळतात, बाई ते पाठ करतात. त्यात जे नाही नेमकं तेच विचारायचं, म्हणून कादंबरीच्या दरेक प्रकरणाचा सारांश त्यांनी मुलांपेक्षा बारकाईने वाचलेला असतो. पुस्तकातलं कुठलं किरकोळ पात्र सारांशात सुटलंय, हे अमेरिकेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसावं.

आणि मग वसंत येतो. एक मेपर्यंत बहुतेक मुलांनी आपलं कॉलेज नक्की केलेलं असतं. लगेच दुसऱ्या दिवसापासून नव्या कॉलेजचा टी-शर्ट अंगात, प्रॉमची चर्चा तोंडात आणि ‘सीनिअरायटिस’ नावाचा आजार सर्वांगात. परीक्षा असते नेमकी त्याच सुमारास. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला निदान सामन्याआधी आरडाओरडा करता येतो. बाई दारामागच्या कप्प्यांच्या पिशवीत सगळ्यांचे फोन ठेवून घेतात, टेबलावरचं स्वयंपाकघरातलं घड्याळ चाळीस मिनिटांवर लावतात आणि म्हणतात, “लिहा.” तिसरा निबंध चालू असताना मागे कुणीतरी शांतपणे झोपलेलं असतं. तो मुलगा कॉर्नेलला चाललाय.

2025 पासून ही परीक्षा संगणकावर झाली. बाईंनी वीसेक वर्षं कमावलेलं, कुठलंही हस्ताक्षर वाचण्याचं कसब एका झटक्यात निकामी झालं. काही बाई जूनमध्ये देशभरातल्या उत्तरपत्रिका तपासायलाही जातात. तिथे दिवसभर एकाच प्रश्नाची उत्तरं वाचायची असतात. परत आल्या की आठवडाभर त्या घरात कुणी ‘प्रतीक’ हा शब्द काढत नाही.

माझं मत विचाराल तर बाई परीक्षेची तयारी करून घेत नाहीत. परीक्षेचं निमित्त करून त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना महिनाभर ‘बिलव्हेड’समोर बसवतात. हे सोपं नाही. व्हर्जिनियात याच कादंबरीवरची, एपीच्याच वर्गातल्या मुलाच्या आईची तक्रार विधिमंडळापर्यंत गेली, शाळांनी उघड लैंगिक वर्णनं असलेलं काही शिकवण्याआधी पालकांना कळवावं असं विधेयक संमत झालं आणि 2016 मध्ये गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी ते नकाराधिकाराने अडवलं. अशा हवेत ‘कॉलेजच्या दर्जाचा अभ्यासक्रम’ हा शिक्का बाईंच्या फार कामी येतो. टीपी-कास्ट, सहावा गुण, चाळीस मिनिटांचं घड्याळ हा सगळा सरंजाम त्या पुस्तकापायी चालवून घेतात.

तेव्हा तुमचं पोर यंदा अशा बाईंच्या हाताखाली असेल तर पाचाचा विषय काढू नका. यादीतलं एखादं पुस्तक वाचून मग भेटायला जा. ‘गॅट्सबी’ दोनशे पानांच्या आतलं आहे, शनिवार-रविवारात होतं. फक्त त्या हिरव्या दिव्याबद्दल काही बोलू नका. बाईंनी त्याबद्दल पुरेसं वाचलेलं आहे.